देव पडद्यावर आला की शेवटची वीस मिनिटं का बिघडतात?

तिसरीरांग
गेला महिनाभर देव, धर्म आणि विनोद हे तिन्ही एकत्र असलेले सिनेमे ठरवून पाहतेय. सुरुवात 'ओएमजी'पासून (२०१२) केली. आधी पाहिला होताच, पण या वेळी एक गोष्ट खटकली.

कांजीभाई देवाच्या मूर्ती विकतो आणि स्वतः देव मानत नाही. भूकंपात दुकान कोसळतं. विमा कंपनी 'देवाची करणी' म्हणून हात वर करते, तेव्हा हा गडी थेट देवावरच दावा ठोकतो. कल्पनाच इतकी झकास आहे की कोर्टातल्या प्रत्येक प्रसंगाला मी खुर्चीच्या टोकावर होते. आणि मग? त्याला अर्धांगवायू होतो, देव प्रकट होतो, त्याला बरं करतो. जो वाद तो कोर्टात जिंकत आला होता, तो दवाखान्यातल्या खाटेवर गुंडाळला जातो. देव समोर येऊन उभा राहिल्यावर कोण कशाला वाद घालेल!

असं बऱ्याच सिनेमांत होतं. दीड तास धिटाईने हसवायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांत घाईघाईने हात जोडायचे. मी स्वतः रोज देवाशी बोलणारी आहे, त्यामुळे देवाची टवाळी बघायची हौस नाही. पण माझ्या देवाला एवढं सांभाळून घ्यायची गरज आहे, असंही मला वाटत नाही.

तर प्रश्न असा: शेवटपर्यंत न कचरलेला विनोदी सिनेमा कुठला? कुठल्याही भाषेतला चालेल.

फिरतारंगमंच
मस्त धागा. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

कोरीपाटी
'ओएमजी'वर अन्याय होतोय. देव प्रकट होतो हे खरं, पण सिनेमा तिथे संपत नाही. कांजी बरा होऊन उठतो तेव्हा लोकांनी त्यालाच देव करून टाकलेलं असतं. तो आपली मूर्ती स्वतः फोडतो. पुढे देवाचं राहिलेलं किचेन त्याला सापडतं, ते तो आठवण म्हणून जवळ ठेवायला जातो, तर आवाज येतो की फेकून दे ते. हा प्रसंग मला अख्ख्या कोर्टापेक्षा मोठा वाटतो. देव स्वतःच सांगतोय की माझी वस्तू कवटाळून बसू नकोस. कचरलेला दिग्दर्शक असं करेल का?

तिसरीरांग
@कोरीपाटी, किचेनचा मुद्दा मान्य. तो प्रसंग मी विसरले होते. तरी अर्धांगवायूचं काय? नास्तिक माणूस आजारी पडला की वळतो, ही युक्ती मला सोपी वाटते.

हप्तेबंद
विम्यात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं अवांतर. 'देवाची करणी' अशी एक ओळ दाखवून सरसकट दावा नाकारता येतो, असा या सिनेमामुळे अनेकांचा समज झालाय. प्रत्यक्षात पॉलिसीत कोणत्या आपत्ती धरल्या आहेत आणि कोणत्या वगळल्या आहेत याची यादी असते. सिनेमा आला तेव्हा आगीच्या विम्यात भूकंपासाठी बरेचदा वेगळा हप्ता भरावा लागायचा. कांजीभाईने तो भरला नसेल तर देवाला मध्ये न आणताही दावा नामंजूर झाला असता. कृपया आपापली पॉलिसी काढून वाचा, मनापासून सांगतोय.

आता विषयावर. 'ओएमजी' गुजराती नाटकावरून आला हे बहुतेकांना माहीत असेल. त्याच्याही आधी २००१ मध्ये 'द मॅन हू स्यूड गॉड' नावाचा ऑस्ट्रेलियन सिनेमा आला होता. त्यात वकिली सोडून मासेमारी करणाऱ्या माणसाची होडी विजेने जळते आणि विमा कंपनी तेच उत्तर देते. देवाला समन्स पाठवायचं तर पत्ता कुठला? म्हणून तो देवाचे इथले प्रतिनिधी असलेल्या चर्चसंस्थांना कोर्टात खेचतो. त्यांची अडचण बघा. वीज देवाने पाडली म्हणावं तर भरपाई द्यावी लागेल, आणि पाडली नाही म्हणावं तर विमा कंपनी खोटी ठरेल. पेच दोन्ही सिनेमांत हाच आहे आणि कायद्याच्या माणसाला तो फार गोड वाटतो.

चांदणवेल
धागा देवाचा आणि पॉलिसी काढायला मी उठले! @हप्तेबंद, भूकंप माझ्याही यादीत नाही. धन्यवाद.

मूकपट
'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) अजून कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. @तिसरीरांग, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच आहे.

येशूच्या शेजारच्या गोठ्यात त्याच दिवशी जन्मलेल्या ब्रायनची ही गोष्ट. भेटी घेऊन आलेले ज्ञानी पुरुष आधी चुकून याच्याच घरात शिरतात. तिथून पुढे लोक या साध्या पोराला मसीहा करूनच सोडतात. तो पळताना त्याची एक वहाण गळून पडते, तर तीच खूण मानणारा एक पंथ निघतो. त्याने दिलेल्या भोपळ्याला मानणारा दुसरा. तुम्ही स्वतःचा विचार स्वतः करा, असं तो कळवळून सांगतो आणि सगळा जमाव एका सुरात 'हो' म्हणतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा सिनेमा मला प्रामाणिक वाटतो ती सांगतो. यात खुद्द येशूही दिसतो, डोंगरावर प्रवचन देताना, आणि त्याच्यावर एकही विनोद नाही. विनोद आहे तो मागे उभ्या असलेल्या लोकांवर. त्यांना नीट ऐकू येत नाही आणि भलतंच ऐकून ते आपसात भांडतात. हा सिनेमा करणाऱ्या माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूने पुढे सांगितलं आहे की सुरुवातीला त्यांच्या डोक्यात येशूवरच सिनेमा होता. वाचायला बसल्यावर लक्षात आलं, की त्याच्या शिकवणीत हसण्यासारखं काही सापडत नाही.

निर्मितीची कथाही विलक्षण आहे. चित्रीकरण तोंडावर आलं असताना ईएमआय या निर्मिती कंपनीने पैसे काढून घेतले. तेव्हा बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन घर गहाण टाकून उभा राहिला. कारण एवढंच की त्याला हा सिनेमा बघायचा होता. आयर्लंडमध्ये १९८७ पर्यंत बंदी होती. नॉर्वेमध्येही काही काळ होती, तर शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात अशी केली की 'इतका विनोदी, की नॉर्वेने बंदी घातली'!

समईचीवात
वाचते आहे. थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा.

मी श्रद्धाळू आहे आणि हे सिनेमे बघताना मला हसू येतं तसा त्रासही होतो. 'पीके' (२०१४) घ्या. परीक्षेच्या दिवशी कॉलेजबाहेर दगड ठेवून त्याला लाल रंग फासला की पोरं पैसे टाकून पाया पडतात, असा प्रसंग आहे. हसले मी. पण त्या पोरांच्या पोटातली भीती खरी असते. जो घाबरलाय त्याला हसणं सोपं आहे.

दुसरं म्हणजे या सिनेमांतला पुजारी, बाबा, मौलवी, पाद्री दरवेळी लबाड किंवा बावळट. आयुष्यात मला भेटलेली यातली निम्मी माणसं तरी चांगली होती. पडद्यावर ती का दिसत नाहीत? आणि शेवटी देव प्रकट होतो म्हणून इथे तक्रार चालली आहे, पण माझ्यासारखीला तेवढाच दिलासा असतो.

कोरीपाटी
@समईचीवात, 'पीके'मधल्या त्या प्रसंगाकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण मला वाटतं, सिनेमा भीतीला हसत नाही, भीतीचा धंदा किती कमी भांडवलात उभा राहतो ते दाखवतो. शिवाय पीके स्वतःही भाबडाच आहे. रिमोट हरवल्यावर जो तो त्याला सांगतो की आता देवच जाणे, आणि तो ते खरं मानून देवाला शोधत सुटतो. त्याच्याइतकी श्रद्धा त्या सिनेमात दुसऱ्या कोणाची आहे?

फिरतारंगमंच
रात्र झाली, रुमाल उचलतो.

समईताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी तीन नावं आहेत.

पहिलं 'डॉन कॅमिलो' (१९५२). इटलीतलं एक गाव, तापट पाद्री आणि तितकाच तापट कम्युनिस्ट महापौर. फर्नांदेलने पाद्री असा रंगवलाय की तो मारामारी करतानाही आवडतो. चर्चमधल्या क्रुसावरचा येशू त्याच्याशी बोलतो आणि बहुतेक वेळा त्यालाच रागावतो. महापौराचा काटा काढायची परवानगी मागायला हा जातो आणि कान धरून घेऊन परत येतो. देव आपल्याच माणसाची बाजू घेत नाही, यातच सगळी गंमत आहे.

दुसरं इराणचं 'मारमूलक' (२००४). चोर दवाखान्यातून मौलवीचे कपडे घालून पळतो. सीमेवरच्या गावात लोक त्याला खरोखरचा मौलवी समजतात. त्याला धर्मातलं फारसं काही येत नाही, म्हणून तो चोराच्या अनुभवातून बोलतो. ओस पडलेली मशीद भरू लागते. देवाकडे जायच्या वाटा माणसांइतक्याच आहेत, हे तिथे एका चोराच्या तोंडून येतं आणि पटतं. तिकडे थिएटरांत तुफान गर्दी झाली आणि काही आठवड्यांत सिनेमा उतरवला गेला.

तिसरं 'द कप' (१९९९). मठातल्या पोरसवदा भिक्षूंना १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत बघायची आहे. टीव्ही आणि डिश भाड्याने आणायला पैसे जमवायचे, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक ख्येंत्से नोरबू स्वतः लामा आहेत आणि पडद्यावरचे भिक्षूही खरे. वडीलधारे गुरू चौकशी करतात की दोन देश एका चेंडूसाठी का भांडतात आणि जिंकून मिळतं काय. कोणी लबाड नाही, कोणी बावळट नाही, आणि तरी दीड तास चेहऱ्यावरचं हसू जात नाही.

समईचीवात
'द कप' आजच शोधते. मनापासून आभार.

पानगळ
यमाला विसरलात सगळे! 'यमगोला' (१९७७, तेलुगू), 'यमलीला' (१९९४), त्याचा हिंदी 'तकदीरवाला' (१९९५) ज्यात कादर खान यम आणि असरानी चित्रगुप्त. त्याही आधी बंगालीत भानू बंदोपाध्यायांचा 'जमालये जीबंत मानुष' (१९५८), जिवंत माणूस यमलोकात. लहानपणी यमाची भीती गेली ती यांच्यामुळे. 'यमलीला'मध्ये तर भविष्याची पोथीच वरून खाली पडते आणि यम-चित्रगुप्त ती शोधत पृथ्वीवर वणवण फिरतात.

हप्तेबंद
यमावर विनोद केला तर कोणाच्या भावना दुखावत नाहीत, हे लक्षात आलंय का? मला वाटतं याचं कारण त्याचं खातं. नोंदवही, नेमलेली वेळ, चुकीच्या माणसाला उचलून आणणं, मग वरून विचारणा. आपण सगळे कचेरीत हेलपाटे मारलेले लोक, त्यामुळे तो दरबार लगेच ओळखीचा वाटतो. शिवाय यमाकडे मागायला कोणी जात नाही. जिथे मागणं असतं तिथे मन हळवं असतं आणि तिथला विनोद लागतो.

चांदणवेल
मागण्यावरून 'ब्रूस ऑलमायटी' (२००३) आठवला. ब्रूसला देवाची गादी मिळते तेव्हा प्रार्थना ईमेलने येऊन पडतात. कंटाळून तो सगळ्यांना एकदम 'हो' म्हणून टाकतो. परिणाम काय, तर लॉटरी इतक्या जणांना लागते की हातात चिल्लर येते आणि लोक दंगल करतात. शेवट गोडच आहे, @तिसरीरांग, तुमची तक्रार तिथेही लागू. पण त्या ईमेलच्या प्रसंगाने मला प्रार्थनेबद्दल जितका विचार करायला लावला तितका कुठल्या प्रवचनाने लावला नाही. माझी मागणी पुरी झाली तर कोणाची राहील?

मूकपट
उलट्या टोकाचा देव हवा असेल तर बेल्जियमचा 'द ब्रँड न्यू टेस्टामेंट' (२०१५). देव ब्रुसेल्समधल्या फ्लॅटमध्ये राहतो, कुजका आणि चिडका. संगणकावर बसून माणसांना छळायचे नियम बनवतो. त्याची मुलगी एक दिवस चिडून सगळ्या जगाला ज्याच्या-त्याच्या मृत्यूची तारीख फोनवर धाडते आणि घरातून पळते. तारीख कळल्यावर लोकांचं देवाशी काम उरत नाही. हसता हसता अंगावर काटा येतो.

समईचीवात
हा मात्र मला बघवणार नाही. देव कुजका दाखवलेला नाही सोसत. माझी मर्यादा समजा.

रात्रपाळी
पहिल्यांदाच लिहितोय या विभागात.

तीन वर्षांपूर्वी भाऊ अतिदक्षता विभागात होता. रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर 'अ सीरियस मॅन' (२००९) पाहिला. कोएन बंधूंचा आहे, १९६७ची अमेरिका, ज्यू वस्ती. लॅरी हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. बायको सोडून चालली, नोकरी डळमळीत, भाऊ घरात ठाण मांडून. माझ्या वाट्याला हे का, एवढं विचारायला तो एकामागून एक राबायांकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, जातो. पहिला त्याला गाड्या उभ्या करायच्या जागेकडे नव्या नजरेने बघायला सांगतो. दुसरा एक गोष्ट सांगतो, एका दंतवैद्याला पेशंटच्या दातांच्या आतल्या बाजूला कोरलेली हिब्रू अक्षरं सापडतात. लॅरी जीव मुठीत धरून विचारतो, पुढे काय झालं? काही नाही, दंतवैद्य परत कामाला लागला. तिसरा आणि सर्वांत वृद्ध राबाय आत नुसता बसलेला असतो, पण भेट नाकारतो. सांगतात की ते विचारात आहेत.

मी त्या बाकावर तोंड दाबून हसलो. आठवडाभर जो येत होता तो मला कारण सांगत होता. ग्रह, मागचे भोग, देवाची परीक्षा. या सिनेमाने एकही कारण दिलं नाही आणि मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. शेवटी वादळ येतं, डॉक्टरांचा फोन येतो आणि सिनेमा तिथेच थांबतो. देव प्रकट होत नाही. नाहीये, असंही कोणी म्हणत नाही.

भाऊ आता बरा आहे. त्याला अजून दाखवलेला नाही.

तिसरीरांग
@रात्रपाळी, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. भावाला उदंड आयुष्य लाभो. आज रात्री हाच बघणार.

पानगळ
रात्रपाळीदादा, दाखवाच त्याला. तुमच्या शेजारी बसून बघू दे.

उंबरठा
इतके प्रतिसाद झाले आणि 'देऊळ' (२०११) कोणाच्याच तोंडी नाही? उमेश कुलकर्णींचं दिग्दर्शन, गिरीश कुलकर्णींचं लेखन, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट. त्या वर्षी तो मान ब्यारी भाषेतल्या 'ब्यारी'सोबत विभागून मिळाला होता.

केशा गुरं राखणारा. करडी गाय शोधताना दमून झाडाखाली झोपतो आणि त्याला दत्तगुरू दिसतात. तो ओरडत गावात येतो. पुढचं सगळं गाव करतं. राजकारण्यांना मुद्दा मिळतो, पोरांना उद्योग मिळतो, दुकानं लागतात. अण्णा इस्पितळाचा आराखडा घेऊन बसलेले असतात, तो तसाच राहतो.

@तिसरीरांग, तुमच्या कसोटीला हा उतरतो. केशाला खरंच दर्शन झालं का, हे सिनेमा कधीच सांगत नाही. त्याला खोटा पाडत नाही आणि वर चमत्कारही देत नाही. शेवटी केशाच मूर्ती उचलून नेतो आणि पाण्यात सोडतो. कारण त्याला जो दिसला होता तो आता त्या देवळात राहिलेला नाही. आणि गाव? गाव दुसरी मूर्ती आणून बसवतं, कारभार थांबत नाही. समईताई, यातला सर्वांत श्रद्धाळू माणूस केशा आहे आणि सिनेमा त्याला एकदाही हसत नाही.

कोरीपाटी
अनुमोदन. विनोदी म्हणून पटकन सुचला नाही खरा, पण बैठकांचे प्रसंग आठवून आत्ताही हसू फुटलं.

मूकपट
भोंदूंचा विषय निघालाच आहे तर सत्यजित रायांचा 'महापुरुष' (१९६५). बिरिंची बाबा सूर्याला उगवायची आज्ञा देतो, प्लेटोशी आपलं बोलणं झाल्याचं सांगतो. दोन तर्जन्या एकमेकींविरुद्ध फिरवून भूत-भविष्य समजावतो तो प्रसंग बघून घरातले सगळे बोटं फिरवत बसले होते. जमलं कोणालाच नाही.

उंबरठा
एक जुनं नाव सांगून थांबते. विनोदी सिनेमा म्हणून तो कोणी मोजत नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६), दामले-फत्तेलाल यांचा. पागनीसांच्या तुकारामांबद्दल सगळे बोलतात, मला त्यातली गौरीची जिजाई हवी असते. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती हातात वहाण घेऊन तडक देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. प्रेक्षक हसतात आणि त्याच वेळी घसा दाटून येतो. तिचा देवावर विश्वास नसता तर वहाण घेऊन ती इतक्या तडफेने गेली असती का? जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या घातल्या त्याच घराण्यातली ही बाई. हा सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. वहाण कोणी कापली नाही.

समईचीवात
जिजाई मला चालते. चालते काय, ती माझीच वाटते. 'ब्रँड न्यू'मधला देव मला परका होता म्हणून तो बोचला. भांडण घरातलं असलं की बोचत नाही. 'द कप' पाहिला. ते वृद्ध गुरू शेवटी सामना बघायला येऊन बसतात तेव्हा रडले.

तिसरीरांग
चार दिवसांत तीन सिनेमे झाले.

'अ सीरियस मॅन' संपल्यावर बराच वेळ बसून राहिले. शेवट कचरलेला नाही, पण माझ्यासारख्या बोलघेवडीला त्यातली शांतता जड गेली. 'देऊळ' परत पाहिला आणि @उंबरठा, तुमच्याशी पूर्ण सहमत. माझ्या प्रश्नाचं उत्तर तोच, कारण केशाचा देवही शाबूत राहतो आणि त्याचा प्रश्नही.

'संत तुकाराम' आईसोबत पाहिला. जिजाई वहाण घेऊन निघाली तेव्हा आई म्हणाली, "बरं केलं, कुणीतरी जायलाच हवं होतं." आणि हसली. मग 'ओएमजी'चा दवाखाना पुन्हा लावला. माझी तक्रार आता थोडी बदलली आहे. देव आला हे खटकत नाही. तो आल्यावर कांजी भांडायचा थांबला, ते खटकतं. जिजाई थांबली नसती.

आता 'डॉन कॅमिलो' शोधते आहे. मराठी नाही तर निदान इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत कुठे मिळेल का? आईला वाचून दाखवत बघणार आहे.

फिरतारंगमंच
आहे माझ्याकडे इंग्रजी उपशीर्षकांची डीव्हीडी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पुढचे भागही आहेत, पण पहिला आधी बघा.